टॉलेमी राजवंशातील भाऊबंदकी व हद्दपारी

प्राचीन ईजिप्तवर इ. स. पू. ३०५ ते ३० या काळात राज्य करणाऱ्या ग्रीक-मॅसिडोनियन राजवंशातील भावंडांचे सत्तासंघर्ष आणि त्यांतून राजे, राण्या व राजपुत्र यांच्या वाट्याला आलेली हद्दपारी. अलेक्झांडरच्या साम्राज्याच्या विभाजनातून भूमध्य समुद्राभोवती जी मोठी राज्ये उदयास आली, त्यांत टॉलेमींचे राज्य अत्यंत संपन्न होते व रोमच्या अंमलाखाली ते सर्वांत शेवटी आले. नाईलच्या खोऱ्यातील धान्य, अलेक्झांड्रियाचे बंदर आणि काटेकोर करव्यवस्था यांमुळे राजकोशात विपुल द्रव्य असे. तथापि इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यापासून या घराण्याचा राजकीय इतिहास हा प्रामुख्याने भाऊ-भाऊ, भाऊ-बहीण आणि बहिणी-बहिणी यांच्या कलहांचा इतिहास आहे. या कलहांत पराभूत पक्षाला देश सोडावा लागे. पण देश सोडणे म्हणजे राज्य गमावणे नव्हे, अशीच या घराण्यातील सर्वांची धारणा होती. परागंदा झालेला राजा परमुलखात आश्रय घेई, सैन्य व पैसा मिळवी आणि संधी साधून परत येई. अशा परतीची किंमत मात्र राज्याला मोजावी लागे. ती घेणारी सत्ता उत्तरोत्तर रोम हीच असल्यामुळे भावंडांच्या भांडणातूनच ईजिप्तचे स्वातंत्र्य क्रमाक्रमाने संपुष्टात आले.

नावे व साधने : या वंशातील सर्व राजांचे नाव टॉलेमी असे होते, राण्यांची नावे बहुधा आर्सिनोई, बेरेनीस किंवा क्लीओपात्रा अशी असत. त्यामुळे समकालीन लोक त्यांना बिरुदांनी वा टोपणनावांनी ओळखत. पहिला, दुसरा हे अनुक्रमांक आधुनिक इतिहासकारांनी दिलेले असून त्यांतील काही, विशेषतः सातव्या टॉलेमीचा, वादग्रस्त आहेत. या संघर्षांची माहिती पॉलिबिअस, डायोडोरस, स्ट्रेबो, जस्टिन, पॉसेनिअस, जोसेफस, डायो कॅशस इ. लेखकांच्या ग्रंथांतून मिळते. त्यांतील अनेक वृत्तांत घटनांनंतर बऱ्याच काळाने लिहिलेले आणि राजघराण्यातील दुर्गुणांची रसभरित वर्णने करणारे आहेत. ईजिप्तच्या वाळूत टिकून राहिलेले ग्रीक व डेमॉटिक लिपींतील पपायरस आणि शिलालेख यांचा पुरावा या दृष्टीने अधिक मोलाचा ठरतो. दस्तऐवजांवर राज्यकर्त्यांची नावे व राज्यवर्षे नोंदविण्याची पद्धत असल्यामुळे कोणत्या महिन्यात कोणत्या गावावर कोणाची सत्ता होती, हे त्यांवरून पुष्कळदा ठरविता येते.

संघर्षाची कारणे : टॉलेमींच्या राज्यात ज्येष्ठ पुत्रच वारस, असा निश्चित नियम नव्हता. मॅसिडोनियन परंपरेनुसार राजा एकापेक्षा अधिक विवाह करी आणि आपल्या पसंतीच्या पुत्राला हयातीतच सहराजा नेमी. राजाचा अकाली मृत्यू झाल्यास किंवा त्याने निवड न केल्यास प्रत्येक पुत्राचा दावा जवळजवळ सारखाच ठरे. दुसऱ्या टॉलेमीने आपली सख्खी बहीण दुसरी आर्सिनोई हिच्याशी विवाह केला व पुढे अशा विवाहांची प्रथाच पडली. परक्या घराण्याला जावयाच्या नात्याने गादीवर हक्क सांगता येऊ नये, हा या प्रथेचा एक लाभ होता. परंतु तीमुळे राणीही राजाइतक्याच शुद्ध राजरक्ताची, म्हणून स्वतंत्रपणे राज्य करण्यास पात्र, मानली जाऊ लागली. भावांच्या तंट्यात अशा प्रकारे बहिणीही हक्कदार म्हणून उतरल्या. अलेक्झांड्रियाचे नागरिक व भाडोत्री सैनिक हा तिसरा घटक होय. नावडत्या राजाला हुसकावून त्याच्या भावाला बोलावून आणण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे ते मानीत. यांखेरीज सायप्रस बेट व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सायरेनेइका हे प्रदेश राज्याला जोडलेले होते. कनिष्ठ भावाची सोय तेथे लावता येई आणि पदच्युत राजाला तेथे तळ देता येई.

राजपुत्र हा राजाला धोका ठरू शकतो, ही जाणीव प्राचीन भारतीय राज्यशास्त्रातही आढळते. कौटिलीय अर्थशास्त्रात राजपुत्रांपासून राजाचे रक्षण आणि अवरुद्ध म्हणजे दूर ठेवलेल्या राजपुत्राचे वर्तन यांचा स्वतंत्र प्रकरणांत विचार केला असून अशा राजपुत्राने शेजारच्या राजाचा आश्रय घेण्याची शक्यताही त्यात गृहीत धरली आहे. टॉलेमींच्या बाबतीत असा आश्रयदाता आरंभी शेजारचे ग्रीक राज्य असे. पुढे ती जागा रोमने घेतली.

प्रारंभीचे तंटे : वंशाचा संस्थापक पहिला टॉलेमी (सोटर) याने युरिडिसी या राणीपासून झालेल्या ज्येष्ठ पुत्राला डावलून बेरेनीस या राणीच्या पुत्राला इ. स. पू. २८५ च्या सुमारास सहराजा केले. डावलला गेलेला पुत्र टॉलेमी सेरॉनस ईजिप्त सोडून प्रथम थ्रेसचा राजा लायसिमाकस याच्या व नंतर सेल्यूकसच्या आश्रयास गेला. आपल्याला गादी मिळवून देईल म्हणून ज्याच्याकडे तो राहिला, त्या सेल्यूकसचा त्याने इ. स. पू. २८१ मध्ये खून केला व मॅसिडोनियाचे राज्य बळकाविले. लायसिमाकसची विधवा दुसरी आर्सिनोई ही सेरॉनसची सावत्र बहीण होती. तिच्याशी विवाह करून त्याने तिच्या दोन धाकट्या मुलांना ठार मारले. ती सॅमोथ्रेस बेटावर पळून गेली आणि तेथून ईजिप्तमध्ये सख्ख्या भावाकडे येऊन त्याची राणी झाली. सेरॉनस इ. स. पू. २७९ मध्ये गॉल टोळ्यांशी लढताना मारला गेला. या पहिल्या कलहाची झळ ईजिप्तला लागली नाही, कारण हद्दपार राजपुत्राला बाहेरच राज्य मिळाले व त्याचा शेवटही बाहेरच झाला. पुढील पिढ्यांत तसे घडले नाही.

फिलोमेटॉर व फिस्कॉन : पाचवा टॉलेमी इ. स. पू. १८० मध्ये मरण पावला, तेव्हा त्याची तिन्ही मुले अल्पवयीन होती. थोरला सहावा टॉलेमी (फिलोमेटॉर), त्याची बहीण व पुढे पत्नी झालेली दुसरी क्लीओपात्रा आणि धाकटा आठवा टॉलेमी (दुसरा युअर्जेटीझ) अशी ती भावंडे होत. धाकट्याला त्याच्या स्थूलपणावरून अलेक्झांड्रियाचे लोक ‘फिस्कॉन’ म्हणजे ढेरपोट्या म्हणत. इ. स. पू. १७० मध्ये तिघांना संयुक्त राज्यकर्ते म्हणून जाहीर करण्यात आले. त्याच सुमारास सिरियाचा राजा चौथा अँटायओकस याच्याशी युद्ध जुंपले. तो या भावंडांचा सख्खा मामा होता. थोरला भाचा हाती सापडताच आपण त्याच्याच हक्कासाठी लढत आहोत, असा देखावा त्याने केला. अलेक्झांड्रियाच्या लोकांनी तेव्हा धाकट्याला राजा केले. भावांनी समेट केला, तरी इ. स. पू. १६८ मध्ये अँटायओकस पुन्हा अलेक्झांड्रियापर्यंत आला. या वेळी रोमचा वकील गेयस पोपिलिअस लीनस याने त्याला सीनेटचा माघारीचा आदेश दिला आणि विचारास सवड मागणाऱ्या राजाभोवती काठीने वर्तुळ आखून त्यातून बाहेर पडण्यापूर्वी उत्तर देण्यास फर्माविले. अँटायओकस परत गेला. ईजिप्त वाचले, पण ते सैन्याविना आलेल्या एका रोमन वकिलाच्या शब्दावर वाचले, ही गोष्ट दोघाही भावांच्या मनावर कायमची ठसली.

पुढील चार वर्षे भावांनी एकत्र राज्य केले. डायोनायसिअस पेटोसारापिस या दरबाऱ्याने, थोरला राजा धाकट्याच्या जिवावर उठला आहे, अशी अफवा पसरवून बंड घडविले, तेव्हा दोघांना राजवस्त्रे धारण करून लोकांसमोर एकत्र उभे राहावे लागले. हे ऐक्य टिकले नाही. इ. स. पू. १६४ मध्ये धाकट्याने थोरल्याला हुसकावून लावले. फिलोमेटॉर रोमला गेला. तो मोजक्या सेवकांसह, साध्या वेशात, पायी चालत शहरात शिरला व अलेक्झांड्रियाहून आलेल्या एका चित्रकाराच्या वरच्या मजल्यावरील खोलीत उतरला. रोममध्ये ओलीस म्हणून राहणारा सिरियाचा राजपुत्र डिमीट्रिअस त्याला राजवस्त्रे व घोडा घेऊन सामोरा गेला असता त्याने ते नाकारले, असे डायोडोरस सांगतो. विपन्नावस्था हीच याचकाची साधनसामग्री असते, हे या राजाने ओळखले होते. तथापि त्याला परत आणले ते रोमने नव्हे, तर फिस्कॉनच्या कारभाराला विटलेल्या अलेक्झांड्रियाच्या नागरिकांनी. इ. स. पू. १६३ मध्ये राज्याची वाटणी होऊन फिलोमेटॉरकडे ईजिप्त व सायप्रस आणि फिस्कॉनकडे सायरेनेइका आले.

वाटणीने समाधान न झालेला फिस्कॉन आता रोमला गेला व सायप्रस आपल्याला मिळावे, असे त्याने सीनेटला विनविले. दुभंगलेले ईजिप्त रोमला सोयीचे होते. सीनेटने त्याची मागणी मान्य करून वकील दिले, पण सैन्य दिले नाही. फिलोमेटॉरने सायप्रस सोडले नाही, तेव्हा इ. स. पू. १६१ मध्ये त्याच्याशी असलेला मैत्रीचा करार मोडला. पुढे फिस्कॉनवर मारेकरी घातले गेले. त्यातून वाचल्यावर इ. स. पू. १५५ मध्ये त्याने एक मृत्युपत्र जाहीर केले. सायरीनी येथे सापडलेल्या शिलालेखात ते उपलब्ध आहे. आपण निपुत्रिक मेल्यास आपले राज्य रोमन लोकांस मिळावे, असा त्याचा आशय आहे. आपला खून करण्यात भावाला लाभ उरू नये, हा त्यामागील तात्कालिक हेतू उघड आहे. तथापि राज्य ही रोमला दान करता येण्याजोगी मालमत्ता आहे, ही कल्पना त्यातून प्रथमच लेखी स्वरूपात मांडली गेली.

इ. स. पू. १५४ मध्ये फिस्कॉन पुन्हा सीनेटपुढे उभा राहिला व त्याने अंगावरील जखमांचे व्रण दाखविले. सीनेटने पाच वकील व प्रत्येकाला एक युद्धनौका दिली. सायप्रसवर उतरलेल्या फिस्कॉनला थोरल्या भावाने लापीथस येथे कोंडून जिवंत पकडले. फिलोमेटॉरने त्याला क्षमा केली, सायरेनेइका परत दिले, दरसाल धान्य देऊ केले आणि आपली मुलगीही देण्याचे वचन दिले. रक्ताच्या नात्याचा ओढा व रोमचे भय, अशी दोन्ही कारणे या क्षमेमागे प्राचीन लेखकांनी दिली आहेत.

गृहयुद्ध : फिलोमेटॉर इ. स. पू. १४५ मध्ये सिरियातील लढाईत जखमी होऊन मरण पावला. फिस्कॉन अलेक्झांड्रियाला आला, भावाची विधवा म्हणजेच आपली बहीण दुसरी क्लीओपात्रा हिच्याशी त्याने विवाह केला आणि तिच्या मुलाचा काटा काढला. भावाच्या पक्षातील लोकांबरोबरच म्यूझियम या विद्यापीठातील विद्वानांवरही त्याने वक्रदृष्टी वळविली. स्वतः त्याचा गुरू व ग्रंथालयाचा प्रमुख अ‍ॅरिस्टार्कस याला सायप्रसला पळावे लागले. अथेन्सचा अपोलोडोरस यानेही अलेक्झांड्रिया सोडले. हे निर्वासित व्याकरणकार, वैद्य, भूमितिज्ञ व चित्रकार ग्रीक जगात विखुरले व तेथे त्यांनी अध्यापन सुरू केले. राजा परत येत असे. ग्रंथालयाची पूर्वीची प्रतिष्ठा मात्र पुन्हा परत आली नाही.

पुढे फिस्कॉनने बहिणीला न सोडता तिची मुलगी तिसरी क्लीओपात्रा हिच्याशीही विवाह केला. माय-लेकींच्या वैराने दरबार दुभंगला. इ. स. पू. १३२–१३१ मध्ये अलेक्झांड्रियाच्या लोकांनी दुसऱ्या क्लीओपात्रेचा पक्ष घेऊन राजाला हाकलले व ती एकटीच राणी म्हणून राज्य करू लागली. फिस्कॉन सायप्रसला गेला. बहिणीपासून झालेला आपला मुलगा मेंफायटीझ याला अलेक्झांड्रियाचे लोक राजा करतील, या भीतीने त्याने त्या मुलाला ठार केले व त्याच्या देहाचे तुकडे तिच्याकडे वाढदिवसाची भेट म्हणून पाठविले, असे डायोडोरस व जस्टिन लिहितात. इ. स. पू. १३० पासून त्याने देशाचा ग्रामीण भाग परत मिळविला. तेव्हा राणी राजकोश घेऊन सिरियाचा राजा व आपला जावई दुसरा डिमीट्रिअस याच्याकडे गेली. इ. स. पू. १२४ मध्ये तीही परत आली आणि या तिघांनी पुन्हा एकत्र राज्य सुरू केले.

या कलहाची झळ सामान्य जनांना किती लागली, हे इ. स. पू. ११८ मध्ये तिघांच्या नावे निघालेल्या फर्मानांवरून कळते. टेब्ट्यूनिस येथे मिळालेल्या पपायरसांत ती जतन झाली आहेत. खून व देवस्थानांची लूट यांखेरीज सर्व अपराधांना त्यांत माफी दिलेली असून गुन्ह्यांच्या व आरोपांच्या भयाने परागंदा झालेल्या लोकांनी आपापल्या घरी परतून पूर्वीचे व्यवसाय सुरू करावेत, असे म्हटले आहे. थकलेला सारा माफ करण्यात आला असून अधिकाऱ्यांनी रयतेची लुबाडणूक करू नये, अशीही ताकीद आहे. राजघराण्यातील तीन व्यक्ती परमुलखांतून परत आल्या, तेव्हा देशातील शेतकरी घरदार टाकून गेलेले होते. घराण्यातील हद्दपारीची ही दुसरी बाजू ग्रीक इतिहासकारांनी क्वचितच नोंदविली आहे.

सोटर व अलेक्झांडर : फिस्कॉन इ. स. पू. ११६ मध्ये वारला. दोन पुत्रांपैकी कोणाला राजा करावे, हे त्याने तिसऱ्या क्लीओपात्रेच्या मर्जीवर सोपविले होते. तिचा ओढा धाकट्याकडे होता. लोकाग्रहास्तव तिला थोरला नववा टॉलेमी (दुसरा सोटर) याला गादीवर बसवावे लागले. धाकटा दहावा टॉलेमी (पहिला अलेक्झांडर) याची रवानगी सायप्रसला झाली. थोरल्याला आपली बहीण व पत्नी चौथी क्लीओपात्रा हिला आईच्या आज्ञेवरून सोडावे लागले. ती सिरियाला गेली व तेथील गादीच्या एका दावेदाराची पत्नी झाली. दुसरा दावेदार तिची बहीण ट्रायफीना हिचा पती होता. अँटिऑक शहर पडल्यावर देवालयात आश्रय घेतलेल्या चौथ्या क्लीओपात्रेला ट्रायफीनाच्या आज्ञेने ठार करण्यात आले. ईजिप्तमधील भावंडांचे वैर अशा रीतीने शेजारच्या राज्यातही जाऊन पोहोचले.

इ. स. पू. १०७ मध्ये राणीने आपल्या जखमी केलेल्या खोजांना लोकांपुढे आणून थोरल्या मुलाने आपल्यावर घात घातल्याचा आरोप केला. सोटर पळाला व अलेक्झांडर सायप्रसहून येऊन राजा झाला. भावांनी जणू जागांची अदलाबदल केली. आई इ. स. पू. १०१ मध्ये मरण पावली; धाकट्यानेच तिला मारविले, असा प्रवाद होता. इ. स. पू. ८८ च्या सुमारास अलेक्झांडरवरही हद्दपारीची पाळी आली. सैन्याचा पगार भागविण्यासाठी त्याने अलेक्झांडर द ग्रेटची सोन्याची शवपेटिका लुटली, असे मानले जाते. राज्य परत घेण्याच्या प्रयत्नात तो समुद्रावर मारला गेला आणि सोटर सायप्रसहून परतला. थीब्झ परिसरातील ईजिप्शियनांचे बंड त्याने मोडून काढले, तेव्हा त्या प्राचीन नगरीची मोठी नासधूस झाली. दरम्यान फिस्कॉनचा अनौरस पुत्र टॉलेमी एपिऑन इ. स. पू. ९६ मध्ये मरण पावला व मृत्युपत्रान्वये सायरेनेइका रोमला मिळाले. एपिऑनच्या बापाने वापरलेली युक्ती मुलाच्या वेळी प्रत्यक्षात उतरली.

ऑलिटीझची हद्दपारी : सोटरच्या मृत्यूनंतर रोमचा हुकूमशहा सुल्ला याने इ. स. पू. ८० मध्ये अकरावा टॉलेमी याला राजा म्हणून पाठविले. त्याने राणी तिसरी बेरेनीस हिच्याशी विवाह करून तीन आठवड्यांच्या आत तिचा खून केला व अलेक्झांड्रियाच्या जमावाने त्याला ठार मारले. अलेक्झांडर नामक राजाने ईजिप्त रोमला मृत्युपत्राने दिले आहे, अशी वार्ता पुढे रोममध्ये वारंवार उठे. गादीवर आलेला बारावा टॉलेमी (ऑलिटीझ म्हणजे पावा वाजविणारा) यामुळे सतत धास्तावलेला असे. इ. स. पू. ५९ मध्ये सीझर व पाँपी यांना सुमारे ६,००० टॅलंट देऊन त्याने रोमची मान्यता मिळविली. पुढच्याच वर्षी रोमने सायप्रस खालसा केले. तेथील राजा ऑलिटीझचा सख्खा भाऊ होता. त्याने विष घेऊन जीव दिला. ऑलिटीझने भावाच्या साहाय्यार्थ काहीही केले नाही. या भेकडपणाने व करांच्या ओझ्याने संतापलेल्या लोकांमुळे त्याला देश सोडावा लागला व त्याची मुलगी चौथी बेरेनीस राज्य करू लागली.

ऑलिटीझ रोमला गेला. त्याच्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी अलेक्झांड्रियाहून १०० जणांचे शिष्टमंडळ आले. त्यांतील अनेकांचा खून झाला व प्रमुख डायॉन यालाही मारण्यात आले. राजा रोमन सावकारांकडून कर्जे काढीत राहिला, नंतर इफेसस येथील आर्टेमिस देवीच्या मंदिरात जाऊन राहिला. अखेर १०,००० टॅलंटच्या आश्वासनावर सिरियाचा रोमन सुभेदार गॅबिनिअस याने इ. स. पू. ५५ मध्ये त्याला सैन्यानिशी परत आणले. राजाने मुलीला ठार केले. सावकार राबिरिअस पोस्टुमस हा ईजिप्तचा अर्थमंत्री झाला व गॅबिनिअसच्या काही रोमन तुकड्या अलेक्झांड्रियातच राहिल्या. फिलोमेटॉरने रोमकडे न्याय मागितला होता, फिस्कॉनने जहाजे मागितली होती. ऑलिटीझने रोमचे सैन्य व रोमचा सावकार राजधानीत आणून बसविला.

क्लीओपात्रा व तिची भावंडे : ऑलिटीझ इ. स. पू. ५१ मध्ये वारला. १८ वर्षांची सातवी क्लीओपात्रा व तिचा १० वर्षांचा भाऊ तेरावा टॉलेमी यांनी मिळून राज्य करावे आणि रोमने त्यावर देखरेख ठेवावी, असे त्याने मृत्युपत्रात लिहिले होते. पोथायनस, अकिलास व थिओडोटस या अल्पवयीन राजाच्या सल्लागारांनी क्लीओपात्रेला हुसकावून लावले. ती सैन्य जमवून इ. स. पू. ४८ मध्ये पेलूझिअमनजीक भावाच्या फौजेसमोर येऊन ठाकली. याच वेळी फार्सेलसच्या लढाईत पराभूत झालेला पाँपी आश्रयार्थ तेथे आला. ज्याच्या दाराशी टॉलेमी घराणे आश्रय मागत आले होते, तो रोमन नेताच आता त्या घराण्याच्या दाराशी आश्रय मागत होता. राजाच्या सल्लागारांनी त्याला किनाऱ्यावर उतरताच ठार मारविले. मारेकऱ्यांत गॅबिनिअसच्या सैन्यातून आलेला सेप्टिमिअस होता.

सीझर पाठोपाठ अलेक्झांड्रियात आला व मृत्युपत्राच्या आधारे त्याने भावंडांचा निवाडा आपल्याकडे घेतला. क्लीओपात्रा गुप्तपणे त्याच्याकडे पोहोचली. युद्ध पेटले, त्यांची धाकटी बहीण चौथी आर्सिनोई राजवाड्यातून निसटून विरुद्ध पक्षाला मिळाली व तिने राणीपद धारण केले. इ. स. पू. ४७ च्या आरंभी तेरावा टॉलेमी पराभूत होऊन नाईलमध्ये बुडाला. क्लीओपात्रेने धाकटा भाऊ चौदावा टॉलेमी याच्यासह राज्य सुरू केले, इ. स. पू. ४४ मध्ये तोही मरण पावला व तिने त्याला विष घातले, असे जोसेफस म्हणतो. आर्सिनोईला इ. स. पू. ४६ मध्ये सीझरच्या विजययात्रेत साखळदंडांनी जखडून रोमच्या रस्त्यांतून नेण्यात आले. तिला पाहून लोक हळहळले व तिला जीवदान मिळाले. पुढे ती आशिया मायनरमध्ये, जोसेफसच्या मते इफेससच्या आर्टेमिस मंदिरात, राहिली. इ. स. पू. ४१ मध्ये क्लीओपात्रेच्या सांगण्यावरून मार्क अँटनीने तिला ठार करविले.

इफेसस येथील अष्टकोनी थडगे आर्सिनोईचे असावे, असा तर्क विसाव्या शतकात मांडण्यात आला होता. तथापि त्या थडग्यातील कवटीच्या अभ्यासाचे जे निष्कर्ष इ. स. २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार ती ११ ते १४ वर्षे वयाच्या मुलाची आहे. त्यामुळे हा तर्क आता ग्राह्य धरता येत नाही.

परिणाम व मूल्यमापन : आर्टेमिसच्या मंदिरात ऑलिटीझने आश्रय घेतला व तेथून तो राजा म्हणून परतला, त्याच नगरीत त्याची मुलगी मात्र मारली गेली. या दोन घटनांत सुमारे १५ वर्षांचे अंतर आहे. फरक व्यक्तींच्या गुणांत नसून परिस्थितीत होता. फिलोमेटॉरच्या काळी हद्दपार राजाला सायप्रस होते, सायरेनेइका होते, सिरियाचे राज्य होते आणि रोमही होते. इ. स. पू. ५८ पर्यंत ही सर्व ठिकाणे रोमच्या अंमलाखाली गेली. आश्रयाच्या जागा संपल्यावर हद्दपारी हा संघर्षातील एक टप्पा न राहता मृत्यूच्या आधीचा मुक्काम ठरला. क्लीओपात्रेच्या हयातीतच तिची चारही धाकटी-थोरली प्रतिस्पर्धी भावंडे नष्ट झाली. इ. स. पू. ३० मध्ये ऑक्टेव्हियनने अलेक्झांड्रिया घेतले, तेव्हा पळून जाण्यास मुलूख नव्हता आणि पाठीशी उभे राहण्यास भाऊ किंवा बहीण नव्हती.

टॉलेमींच्या ऱ्हासाचे खापर प्राचीन लेखकांनी राजांच्या विलासीपणावर व राण्यांच्या महत्त्वाकांक्षेवर फोडले. आधुनिक संशोधनात हे मत पूर्णतः मान्य होत नाही. कलह चालू असताही करवसुली, धान्यव्यापार व देवळांची बांधकामे चालू होती. फिस्कॉनच्या अखेरच्या वर्षांत सिझिकसचा युडॉक्सस हा तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर सापडलेल्या एका भारतीय खलाशाच्या मार्गदर्शनाने भारतापर्यंत जाऊन आला, असे स्ट्रेबोने नमूद केले आहे. त्याने आणलेला मौल्यवान माल राजाने स्वतःकडे ठेवून घेतला. राज्य दुबळे झाले ते उत्पन्नाच्या अभावी नव्हे. वारसा ठरविण्याची सर्वमान्य पद्धत नसल्यामुळे प्रत्येक पिढीत निवाडा करणाऱ्याची गरज भासली आणि निवाडा करणारा बाहेरून आणला गेला. रोमने या घराण्यात भांडणे लावली, असे म्हणण्यास फारसा आधार नाही. आलेल्या प्रत्येक याचकाचे म्हणणे त्याने ऐकून घेतले, एवढेच. मृत्युपत्रे, कर्जरोखे व मैत्रीचे करार यांतून ईजिप्तचा जो ताबा रोमकडे गेला होता, त्यावर ऑक्टेव्हियनच्या सैन्याने अखेरचे शिक्कामोर्तब केले.